बहिणीचा उजवा हात

माझ्या धाकट्या बहिणीचा उजवा हात मी मोडला. मनगटाच्या थोडं वर, दोन ठिकाणी. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि ती एकोणीसची. घरात, भावकीत, दवाखान्यात सगळीकडे एकच सांगितलं गेलं, की पोरगी मिठागराच्या बांधावरून घसरून पडली. पुढे ते इतक्या वेळा सांगून झालं, की माझ्या बायकोला तेच ठाऊक होतं आणि मुलीलाही तेच. कधीकधी मलासुद्धा तो ओला बांध डोळ्यांसमोर दिसायचा आणि त्यावरून सटकलेला तिचा पाय.

बहीण आज मोठी चित्रकार आहे. डाव्या हाताने काढते. तिच्या चित्रांत माणूस नसतो, झाड नसतं, ओळखता येईल असं काहीच नसतं. पांढरे आणि करडे मोठमोठे चौकोन असतात आणि त्यांतून गेलेल्या काळ्या खरबरीत रेघा. ती बडोद्याला राहते. वर्षा-दोन वर्षांतून एकदा आईला भेटायला आमच्याकडे येते, दोन तास बसते आणि जाते. माझ्याशी बोलायचं म्हणजे, "बरा आहेस ना?" एवढंच.

गेल्या हिवाळ्यात मुंबईतल्या एका जुन्या वस्तुसंग्रहालयात तिच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं. नुसती चित्रं नाहीत, तर अशी चित्रं तिच्याकडे आली कुठून, तरुणपणी तिच्या मनावर कशाकशाचा ठसा उमटला, ते दाखवणारं. माझ्या मुलीला आत्याचं फार वेड. ती स्वतः घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते, त्यामुळे रंग-रेषांतलं तिला कळतं. ती माझ्या मागे लागली.

"पप्पा, आत्याच्या एकाही प्रदर्शनाला तुम्ही गेला नाहीत. सख्खे भाऊ ना तुम्ही?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "जा की. रविवारी काय काम असतं तुम्हाला?"

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. रविवारी सकाळी इंद्रलोकमधल्या आमच्या घरून आम्ही दोघं गाडीने निघालो.

काशिमीऱ्याला हायवेवर चढताना एका मोटरसायकलवाल्याने गाडीला बाजूने घासलं. आरसा आत दुमडला, बाकी काही नाही. सिग्नलला तो पुढे उभा होता. हेल्मेट न काढताच मागे वळून म्हणाला, "अंकल, देख के चलाओ ना."

मी दार उघडून उतरलो. मुलगी म्हणाली, "पप्पा, नको." मी त्याची कॉलर धरून त्याला गाडीवरून खाली खेचला. हेल्मेट होतं म्हणून तोंडावर मारता आलं नाही, तेव्हा छातीवर मारलं, मग पोटात. तो वाकला. त्याची गाडी आडवी पडली आणि पेट्रोल रस्त्यावर सांडायला लागलं. मागच्या रिक्षावाल्यांनी हॉर्न लावून धरले होते. दोघांनी मला मागे ओढलं आणि सिग्नल सुटला म्हणून सगळं तिथेच संपलं.

गाडीत बसलो तेव्हा माझा श्वास नीट चालू होता. हे मी मुद्दाम सांगतोय. मारामारीनंतर लोकांचे हात थरथरतात म्हणे. माझे कधीच थरथरले नाहीत.

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. दहिसर गेलं तेव्हा म्हणाली, "परत जाऊया का घरी?"

"कशाला? निघालोय ना."

तिने कानात हेडफोन घातले, ते संग्रहालय येईपर्यंत काढले नाहीत.

आत थंडगार होतं. उंच छत, दगडी फरशी, लोक हळू आवाजात बोलणारे. आमच्या घरी कुणी कधी हळू आवाजात बोललं नाही, त्यामुळे अशा जागी मला आजारी माणसाला भेटायला आल्यासारखं वाटतं. बहीण समोरच्या टोकाला संग्रहालयाच्या लोकांबरोबर उभी होती. केस पूर्ण पांढरे, सुती साडी. मुलीने हात हलवला, तिनेही डावा हात वर केला. मग तिला मी दिसलो. तिने हात खाली घेतला आणि पुन्हा त्या लोकांकडे वळली.

पहिल्या दालनात शिरल्याशिरल्या समोरच्या भिंतीवर एकच मोठी चौकट होती. वर्तमानपत्राची बारा पानं एकाला एक लावलेली आणि सगळी कोळशाने काळी केलेली. लहान मुलं नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, तसं कुणीतरी एका भिंतीवर पानं लावून कोळसा घासला होता. काळ्यातून भिंतीची कातडी वर आली होती. चिरा, पोपडे, खिळ्याचं भोक. उजवीकडे वर कमानीच्या आकाराचा कोनाडा. आणि खाली, जमिनीवर आडव्या पडलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर, खरवडलेल्या वाकड्यातिकड्या रेघा. शंभरएक असतील.

तो कोनाडा मी ओळखला. लहानपणी त्यात मी गोट्या ठेवायचो. ती आमच्या गोडदेवच्या घरातली मागची खोली होती.

शेजारी पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं, की चित्रकर्तीचं बालपण मिठागरांच्या परिसरात गेलं. तरुणपणी एका अपघातानंतर तिला काही महिने घरातच राहावं लागलं. त्या काळात खोलीच्या भिंतीवर डाव्या हाताने तिने या रेघा ओढल्या आणि पुढच्या सगळ्या कामाची बीजं त्यांत सापडतात.

मी ती पाटी तीनदा वाचली. अपघात.

आमचं घर मिठागरवाल्यांचं. थोडी भातशेती, बाकी मिठाचे आगर. बाप दिवसभर खारट चिखलात उभा असायचा आणि त्याच्या पायांची कातडी कायम फाटलेली असायची. तो दारू पीत नव्हता. लोकांना वाटतं मारणारा बाप दारूडा असतो. आमचा शुद्धीत मारायचा. आईला भाजी आळणी झाली म्हणून, बैलाला वळला नाही म्हणून, मला कशासाठीही. मी चौदा वर्षांचा असताना माझ्या हातून भरतीच्या वेळी पाण्याचं दार उघडं राहिलं आणि तयार मीठ विरघळून गेलं. बापाने मला उपडा पाडून पाठीवर गुडघा ठेवला आणि ओल्या दोरखंडाने मारलं. पहिले काही फटके आठवतात. नंतरचे नाहीत. शुद्धीवर आलो तेव्हा बहीण माझ्या पाठीवर हळद लावत होती. ती दहा वर्षांची होती आणि तिच्या नाकातून शेंबूड गळत होता. उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपा वळ उठला, तो आजही हाताला लागतो.

तेव्हापासून मी एक धरून चाललो, की घरात मार खाणारे असतात आणि मार देणारे असतात, आणि मला पुन्हा खाली पडायचं नाही. विसाव्या वर्षी बांधाच्या भांडणात मी चुलत्याच्या मुलाच्या डोक्यात फावडं घातलं. फावड्याची कड कवटीत अडकली आणि मला ती पाय लावून काढावी लागली. तो वाचला, पण त्याचा एक डोळा कायमचा अर्धा मिटला. त्या दिवशी बापाने आपल्या ताटातलं जिताडा माशाचं डोकं उचलून माझ्या ताटात ठेवलं. त्याने माझं आयुष्यात केलेलं कौतुक म्हणजे तेवढंच.

बहीण या सगळ्याच्या मधून चित्रं काढत होती. वह्यांच्या मागे, पिशव्यांवर, चुन्याच्या भिंतीवर. शाळेतल्या बाईंनी बापाला समजावलं, की ड्रॉइंगची शिक्षिका होईल, सरकारी नोकरी लागेल. नोकरीचं नाव काढल्यावर बापाने मुंबईच्या कॉलेजात जाऊ दिलं. ती दुसऱ्या वर्षाला असताना पानाच्या टपरीवर भावकीतला एक जण सगळ्यांसमोर मला म्हणाला, "तुझी बहीण नागड्या पुरुषांची चित्रं काढतेय म्हणं. कुणाला बसवतेय समोर?"

त्याला तिथेच पाडायला हवं होतं, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. पाडला नाही. मी घरी गेलो.

दुपार होती. बाप आगरावर, आई चुलीपाशी भाकऱ्या करत होती. बहीण मागच्या खोलीत कागद पसरून बसली होती. मी तिची पिशवी उलटी केली. कागदांची एक सुरळी होती, ती उलगडली. कोळशाने काढलेला पुरुष, उघडा, उपडा झोपलेला. फक्त पाठ, मान आणि कमरेशी गुंडाळलेला टॉवेल.

"हा कोण?"

ती हसली. तिला खरंच वाटलं, की मी मस्करी करतोय. ते हसणं बघून मी पहिली थोबाडीत मारली. तिचं डोकं भिंतीवर आपटलं. मी केस धरून तिला खाली पाडली आणि लाथ घातली. ती ओरडली, "दादा, तूच आहेस तो! तुझीच पाठ आहे. तू ओटीवर झोपला होतास."

मी ते ऐकलं. मला ऐकू आलं नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पण ऐकू आलं होतं. कागद माझ्या डाव्या हातात होता. त्या पाठीवर उजव्या खांद्यापासून तिरपी गेलेली रेघ होती आणि ती कशाची आहे, हे मला दिसलं होतं. दाराला लावायचा लाकडी अडसर कोपऱ्यात उभा होता. तो मी कागद बघून झाल्यावर उचलला.

दोन फटके मांड्यांवर बसले. तिसरा डोक्यावर येणार होता. तिने उजवा हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज कोरडा असेल असं वाटतं. तसा नव्हता. ओलं फडकं पिळताना येतो तसा दबका आवाज आला. मनगटाच्या वर हात जिथे वाकायला नको तिथे वाकला. मी आणखी एकदा मारलं, त्याच हातावर.

आई दारात उभी होती. कोपरापर्यंत पीठ. मी चित्राचे तुकडे केले आणि आईच्या अंगावरून जाऊन चुलीत टाकले.

दवाखान्यात मीच घेऊन गेलो. डॉक्टरने विचारलं तर बांधाची गोष्ट मीच सांगितली. बहीण माझ्याकडे बघत होती आणि मान हलवून हो म्हणत होती. संध्याकाळी बाप घरी आला, त्याने प्लास्टर बघितलं, मला विचारलं, मी खरं ते सांगितलं.

"हात कशाला मोडलास?" तो म्हणाला. "आता हिच्याशी लगीन कोन करील?"

कॉलेज बंद झालं. चार महिने तिला मागच्या खोलीतून बाहेर पडायला मनाई होती. बाहेरून कडी असायची. प्लास्टर काढलं तेव्हा दोन बोटं मिटत नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मी कधी जेवणाचं ताट ठेवायला गेलो तर पाठमोरीच असायची. मग एका सकाळी बडोद्याची मावशी आली आणि तिला घेऊन गेली. आईने गुपचूप पत्र पाठवून बोलावलं होतं. त्याबद्दल बापाने आईला अंगणात ओढून मारलं. मी ओटीवर बसून होतो.

हे सगळं त्या बारा काळ्या पानांसमोर उभा राहून मला एकामागून एक आठवत होतं. मुलगी चौकटीला नाक लावून बघत होती.

"पप्पा, हे आपलं गोडदेवचं घर ना? आजी सांगते तो कोनाडा?"

"असेल."

"असेल काय! तुम्हीच राहायचात ना तिथे." तिने पाटी वाचली. "अपघात म्हणजे ते बांधावरून पडली तेच ना? पण मग इतके महिने खोलीत कशाला? हाताला लागलं होतं, पायाला थोडंच?"

"चल, पुढे बघू."

"थांबा ना. ह्या रेघा बघा, सगळ्या खालीच आहेत. ती उठून बसतसुद्धा नव्हती. पप्पा, कुणी कोंडलं होतं का तिला? आजोबांनी?"

"हळू बोल."

"मी हळूच बोलतेय. सांगा ना. आत्याचा हात खरंच पडून मोडला का?"

आजूबाजूचे दोघंतिघं वळून बघायला लागले होते. मी तिचं मनगट धरलं. धरून पिरगाळलं. मी हे ठरवून केलं नाही, पण ठरवून केलं नाही हे काही माझ्या बाजूचं बोलणं नाही. ती "आई गं!" म्हणून किंचाळली आणि गुडघ्यांवर खाली गेली. तिच्या घड्याळाची काच माझ्या तळव्यात फुटली, तरी मी सोडलं नाही. मी तिला दाराकडे ओढत होतो, फरशीवरून, आणि म्हणत होतो, "चल म्हटलं ना, चल."

बहीण धावत आली नाही. चालत आली. माझ्यासमोर उभी राहिली.

"सोड."

तिने डाव्या हाताने माझी बोटं एकेक करून उलगडली. तिच्या बोटांत एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. करंगळी तिने अशी मागे वाकवली, की मला वाटलं आता मोडणार. तिलाही ते जाणवलं असणार. क्षणभर तिने ती तशीच धरून ठेवली. मग सोडली.

मुलगी उठून तिच्या मागे उभी राहिली. मनगट छातीशी धरलेलं. "आत्या, तुझा हात..."

"ह्यालाच विचार," बहीण म्हणाली.

मुलीने विचारलं नाही. मी म्हटलं, "मी मोडला."

हे मी आयुष्यात दुसऱ्यांदा बोललो. पहिल्यांदा बापाला सांगितलं होतं.

सुरक्षारक्षक आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, बाहेर चला." मी खांदा झटकला आणि त्याला ढकललं. तो काचेच्या पेटीवर जाऊन आदळला. मग आणखी दोघं आले. त्यांनी माझे दंड मागे धरले आणि मला लोकांच्या मधून फाटकापर्यंत नेलं. एक बाई मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. जिन्यावर माझा पाय अडखळला तर त्यांनी मला तसंच लोंबकळत खाली उतरवलं. किती जणांना मी असं धरून नेलं होतं, बिल्डरसाठी, भावकीसाठी, निवडणुकीच्या दिवसांत. धरलेल्या माणसाला फक्त स्वतःचे बूट दिसतात, हे मला माहीत नव्हतं.

मुलगी माझ्याबरोबर आली नाही. मी एकटा गाडी चालवत घरी आलो. दुपारी दोन वाजले होते. बायकोला तोपर्यंत मुलीचा फोन आला होता. ती मला म्हणाली, "माझ्याशी आत्ता बोलू नका." आणि बेडरूमचं दार लावून घेतलं.

आई बाल्कनीत खुर्चीवर बसून लसूण सोलत होती. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि विचारलं, "आई, ते कागद कुणी घासले? भिंतीवरचे?"

तिने मान वर केली नाही. "मीच."

"कधी?"

"घर पाडाया घेतला त्याच्या आदल्या दिशी. तिनं फोन केला व्हता. म्हनली, आये, कागद लाव आन कोळसा घास, भिंत मला धाड. बारा कागद लागले. तू बिल्डरकडं जेवाया गेला व्हतास."

"मला सांगितलं नाहीस."

"तुला काय सांगाचा?"

तिने पुढची पाकळी घेतली. मग म्हणाली, "मी दारात उभी व्हते त्या दिशी. माझं हात पिठाचं व्हतं. पिठाच्या हातानं पन धरता येतं मानसाला. न्हाय धरलं. मला भ्याव वाटला, तू मला पन मारशील."

"मी तुला कधी मारलं नाही, आई."

"न्हाय मारलंस. पन मारशील असा वाटायचा. आजून वाटतंय."

तिच्या हातातली पाकळी सोलून झाली होती, तरी ती नख लावत होती. मी उठून आत गेलो.

चार दिवसांनी बहीण आली. आईला भेटून त्याच दिवशी ती बडोद्याला परत जाणार होती. मी घरीच होतो. आई आत आडवी झाल्यावर आम्ही दोघंच बाहेर राहिलो. मी बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं.

"त्या पाटीवर अपघात लिहिलंय. तिथे खरं लिहायला सांग त्यांना. भावाने मोडला म्हणून. हवं तर मी सही करून देतो."

ती मला पहिल्यांदा बघत असल्यासारखी बघायला लागली. "माझ्या चित्राखाली काय लिहायचं, ते पण तूच सांगणार?"

"तसं नाही. मला वाटतं, त्या चित्रांचं कारण..."

"तू आहेस?"

खरं म्हणजे मला तेच वाटत होतं. त्या दालनात उभा असताना लाजेच्या खाली कुठेतरी मला हेही वाटून गेलं होतं, की हे सगळं माझ्यापासून सुरू झालं.

ती आवाज न चढवता बोलली. "ऐक. मी त्याच्या आधीपासून काढत होते. चांगलं काढत होते. तू हात मोडलास म्हणून मी चित्रकार झाले नाही, तू हात मोडलास तरी झाले. चार वर्षं मला डाव्या हाताने सरळ उभी रेघ येत नव्हती. चमचा तोंडापर्यंत नेताना सांडायचा. आणि आधी जी रेघ यायची ना, ती कधीच परत आली नाही. तू तेवढंच केलंस. भिंत मी बघितली. कागद आईने घासले. त्यात तू कुठे आहेस?"

"माफ कर मला."

"नाही."

एवढं म्हणून तिने पर्स घेतली. मी खाली रिक्षा बघायला निघालो तर म्हणाली, "बस तू, मी बघते." लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ती माझ्याकडे पाठ करून उभी होती.

प्रदर्शन बंद व्हायच्या आधी मी एकदा एकटाच जाऊन आलो. साध्या वारी, दुपारचा. फाटकावर तोच सुरक्षारक्षक होता, ज्याला मी ढकललं होतं. त्याने मला लगेच ओळखलं. मी त्याला म्हटलं, "त्या दिवशी चुकलं माझं. तुम्हाला लागलं असेल." तो म्हणाला, "कोपर सुजलं होतं चार दिवस. तिकीट घ्या." आणि मी आत गेल्यावर माझ्या मागे दोन हात अंतर ठेवून चालत राहिला, सगळा वेळ.

पहिलं दालन ओलांडून मी दुसऱ्यात गेलो. तिथे काचेच्या पेट्यांमध्ये तिच्या शाळेच्या आणि कॉलेजच्या वह्या उघडून ठेवल्या होत्या. हात मोडायच्या आधीच्या. मिठाचे ढीग. चिखलात रुतलेलं बैलाचं खूर. पाटावर बसलेल्या आईच्या टाचा, भेगांसकट. बगळा. प्रत्येक चित्र एकाच रेघेत, हात न उचलता काढलेलं. मला चित्रांतलं कळत नाही. पण त्या रेघेला कुठे धक्का नव्हता. ती कागदावर जिथून सुरू व्हायची तिथून पाणी उतारावर जावं तशी जायची, कुठे जाड, कुठे केसासारखी बारीक, आणि बगळ्याची मान झालेली असायची. मग मी तिसऱ्या दालनात गेलो, तिथे तिची अलीकडची मोठी चित्रं होती. चौकोन, खरबरीत काळ्या रेघा. लोक त्यांच्यासमोर थांबून बघत होते, कौतुकाने बोलत होते. ती चांगलीच असणार. मी पुन्हा मागे येऊन बगळ्यासमोर उभा राहिलो. रक्षक घसा खाकरून म्हणाला, "काका, पाच वाजता बंद होतं."

मुलीने मीरा रोडला मैत्रिणीबरोबर भाड्याने खोली घेतली आहे. जाण्याआधी ती सामान न्यायला आली होती. मनगटावरचा काळानिळा डाग तेव्हा पिवळा पडत आला होता. तिने तो झाकला नव्हता. दारात उभी राहून, नीट, कामाचं बोलावं तसं ती मला म्हणाली, "परत माझ्यावर हात टाकलात तर मी पोलिसांत जाणार. आईवर टाकलात तरी. आताच सांगून ठेवतेय."

"नाही टाकणार."

"बघू," ती म्हणाली.

ती दर गुरुवारी संध्याकाळी आजीला भेटायला येते, सातला निघते. येण्याआधी बायकोला मेसेज करते. बायको मला काही सांगत नाही, नुसती माझी चप्पल दाराजवळ आणून ठेवते. मी खाली उतरतो आणि नवघर रोडने गोडदेव नाक्यापर्यंत चालत जातो. जिथे आमचं घर होतं तिथे आता सात मजली इमारत आहे, खाली मोबाइलची दुकानं. मी तिथे थांबत नाही. नाक्यावर चहा घेतो. टपरीवाला नवीन आहे, त्याला मी कोण ते माहीत नाही. परवाच्या गुरुवारी तिथे दोन रिक्षावाल्यांची जुंपली. एकाने दुसऱ्याचं डोकं मीटरवर आपटलं, रक्त आलं. लोक माझ्याकडे बघायला लागले, कारण माझं अंग अजून तसं थोराड आहे आणि असा माणूस मध्ये पडतो असं लोकांना वाटतं. मी गेलो आणि मारणाऱ्याला मागून मिठी मारून धरला. तो माझ्या हातात हिसके देत होता, शिव्या देत होता, त्याने टाच माझ्या नडगीवर मारली. मी काही केलं नाही, फक्त धरून ठेवला. तेवढ्यानेच मला घाम फुटला. तो शांत झाल्यावर सोडला तर माझे हात थरथरत होते आणि चहाचा ग्लास मला उचलता येईना. टपरीवाल्याने ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाला, "बैठो काका, बैठ के पियो." मी बाकावर बसलो. घड्याळात साडेसहा झाले होते. सातपर्यंत घरी जायचं नव्हतं.